नाक त्यांचं, जीभ माझी

सरांच्या घरात उदबत्ती नव्हती. बुद्धांच्या तसबिरीपुढे फुलं असायची, मेणबत्ती असायची, पण उदबत्ती नाही. पावडर नाही, अत्तर नाही, फिनेल नाही. जिना पुसणाऱ्या मावशींनाही त्यांनी स्वतः जाऊन सोड्याचं पाकीट आणून दिलं होतं. "एक वास घालवायला दुसरा आणायचा, म्हणजे दोन वास झाले," एवढंच त्यामागचं स्पष्टीकरण. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या. पहिली काही वर्षं आमचा संबंध जिन्यापुरताच होता, कारण मी हिंजवडीला जायचे. सकाळी सातची कंपनीची बस, आणि परत यायची वेळ देवाला ठाऊक. घरी यायचे तेव्हा कुणाला 'कसे आहात' विचारण्याइतकंही त्राण अंगात नसायचं.

एका रविवारी दार वाजलं. दारात सर. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे बांधलेले.

"मॅडम, तुमच्याकडे दही विसरलंय."

"कुठे?"

"ते मी कसं सांगणार? घर तुमचं आहे."

ओट्याखालच्या कपाटात, कुकरच्या मागे, दहा दिवसांपूर्वी लावलेलं विरजण सापडलं. ते घेऊन मी बाहेर आले तर सर अजून जिन्यातच उभे. लांबूनच म्हणाले, "ओतून द्या. भांडं टाकू नका, भांड्याचा दोष नाही." आणि वर निघून गेले.

सर शहराबाहेरच्या एका औषधाच्या कारखान्यात होते. बुरशीपासून औषध काढायचा कारखाना. तीन मजले उंच टाक्या, त्यांत साखरेचं पाणी, त्यात बुरशी, आणि बुरशी जगावी म्हणून दिवसरात्र सोडलेली हवा. त्या टाकीत बाहेरचा एखादा जंतू शिरला की सगळं आंबायचं. तो शिरला आहे का, हे ओळखणं सरांचं काम. टाकीतून बाहेर येणाऱ्या हवेच्या नळाशी ते रोज सकाळी नाक न्यायचे आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायच्या आत सांगायचे, 'चालू द्या' किंवा 'ओतून द्या'. एकदा रिपोर्ट म्हणाला ठीक आहे, सर म्हणाले आंबलंय. साहेबांनी रिपोर्टचं ऐकलं. दोन दिवसांनी अख्खी टाकी गटारात सोडावी लागली. त्यानंतर कारखान्यात त्यांना 'नाकसाहेब' म्हणायला लागले.

हे सगळं मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. "बावीस वर्षं आंबट वासाशी भांडले हो," बाई म्हणायच्या. "घरात लिंबू कापलं तरी यांची मान वळायची. लग्नानंतर सहा महिने मी कढी केली नव्हती."

मग देशाची दारं उघडली, बाहेरून स्वस्त माल यायला लागला, आणि कारखान्यातल्या टाक्या एकेक करून थंड होत गेल्या. सर चव्वेचाळीसाव्या वर्षी घरी बसले. ज्या वर्षांत माझ्यासारख्यांना हिंजवडीत नोकऱ्या मिळत होत्या, त्याच वर्षांत. मिळालेल्या पैशातून त्यांनी पेठेत फ्लॅट घेतला. घेताना सोसायटीच्या मंडळींनी आडनाव तीनदा विचारलं म्हणे. "मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तेच होतं," सर म्हणायचे. पुढे दहा वर्षं तेच सोसायटीचे सेक्रेटरी होते, कारण पाण्याची टाकी धुवायला झाली आहे हे तळमजल्यावरून सांगणारा दुसरा माणूस इमारतीत नव्हता.

माझी हिंजवडी अठरा वर्षांनी संपली. मी सोडली की कंपनीनं सोडायला लावली, यावर मी बरीच वर्षं वाद घातला, आता घालत नाही. मधल्या काळात कंपनीनं मला आठ महिने बेल्जियमला पाठवलं होतं. तिथे मी एकच गोष्ट मनापासून शिकले, ती म्हणजे आंबट बिअर. ही बिअर मुद्दाम आंबवतात. लाकडी पिंपात भरून वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं जंतूंच्या हवाली करून ठेवतात. जमली तर अशी जमते की माणूस घोट घेऊन बोलायचं विसरतो. नाही जमली तर व्हिनेगर. आणि दोन्हीची किंमत सारखीच, कारण बाटली उघडेपर्यंत कुणालाच कळत नाही. तेवढ्या एका माहितीच्या जोरावर मला बाणेरच्या एका रेस्टॉरंटमध्ये पेयांच्या खरेदीचं काम मिळालं. पुण्यात तेव्हा जागोजागी स्वतःची बिअर करणाऱ्या जागा निघत होत्या, आणि आमच्या मालकांना त्या सगळ्यांपेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं.

पहिल्याच महिन्यात मी तीन महागड्या बाटल्या घरी आणल्या. चव घेऊन काही ठरेना. दुसऱ्या दिवशी जिन्यात सर भेटले.

"काल तुमच्याकडे तीन बाटल्या उघडल्या होत्या. दोन नंबरची खराब होती."

मी रडायच्या बेतात होते. थकलेल्या माणसाला कुणीतरी आयतं उत्तर दिलं की जे होतं, ते मला झालं. मी तिथेच विचारलं, सर, माझ्यासोबत हे काम कराल का?

अडचण उघड होती. सर पंचशील पाळणारे. रोज सकाळी वरून त्यांचा आवाज यायचा, आणि पाचव्या शिलाशी तो किंचित चढायचा. दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडात घेतला नव्हता आणि घेणारही नव्हते. "तो शब्द माझ्या वडिलांनी दिलेला आहे. दुसऱ्याची वस्तू आपण मोडायची नसते," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण शिलात पिण्याबद्दल आहे. नाकाचा उल्लेख नाही. मी बघितलंय."

"आणि चव?"

"ती तुम्ही घ्या. नाक माझं, जीभ तुमची. दोघांनी आपापलं सांगायचं, एकमेकांचं ऐकून नाही."

हा करार चार वर्षं चालला. परीक्षेच्या दिवशी सर सकाळपासून उपाशी असायचे. आदल्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही. अकराच्या ठोक्याला खाली यायचे, ते स्वतःचे दोन काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळून, कारण माझ्या पेल्यांना साबणाचा वास यायचा म्हणे. बिअर ओतली की आधी उजेडात धरायचे. मग हुंगायचे, मग कोपराजवळ शर्टाची बाही हुंगायचे, मग पुन्हा पेला. बाही कशाला, विचारलं तर म्हणाले, "नाकाला मधून मधून घरी जाऊ द्यावं." त्यानंतर घड्याळ लावून दहा मिनिटं गप्प बसायचे आणि परत हुंगायचे. दहा मिनिटांत वास जिथल्या तिथे राहिला तर बाटली नापास. वास हलला, बदलला, आधी दह्याचा होता तो नंतर कैरीचा झाला, मग ओल्या गवताचा झाला, तर पास.

एकदा एक एजंट आला. हातात बाटली, तिला बूच, बुचाला तार, तारेवर मेण. इंग्रजी मिसळून बरंच बोलला. तीन वर्षं ओकच्या पिंपात होती वगैरे.

"तीन वर्षं काय करत होती?" सरांनी विचारलं.

"मॅच्युअर होत होती सर."

"मी बावीस वर्षं कारखान्यात होतो. नुसतं आत बसून मुरता येतं असं मला तरी आढळलं नाही."

एजंट माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. सरांनी हुंगलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा हुंगलं. "मॅडम, यात पैसे कशाचे आहेत ते बघा. मेणाचे असतील, तर मेण रविवार पेठेत मिळतं. वाट बघण्याचे असतील तर द्या. पण या बाटलीनं वाट बघितलेली नाही, नुसता वेळ घालवलाय." माझ्या जिभेनंही तेच सांगितलं होतं. त्या एजंटानं नंतर मला सहा महिने फोन केला नाही, त्यामुळे जिवाला बराच आराम पडला.

सरांची आणखी एक सवय होती, कारखान्यातून आलेली. जे नाकारायचं त्याचा नमुना ठेवायचा. पास झालेल्या मालाची काळजी गिऱ्हाईक घेतं, नापासाची आपणच घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक नापास बिअरची एक लहान बाटली सीलबंद होऊन त्यांच्या घरी मोरीच्या कट्ट्याखाली जायची, घरातली सगळ्यात थंड जागा म्हणून. तिच्यावर शाळेच्या वहीला लावतात तसलं चौकोनी लेबल. त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात ओळी असायच्या: वस्तू, तारीख, नाक, जीभ, निकाल, सही. दर तीन महिन्यांनी ते बाटल्या काढून बघायचे. "पंचशील पाळणाऱ्याच्या मोरीत बिअरचं दुकान," बाई म्हणायच्या. "पोलीस आले तर मी माहेरी गेलेली असेन."

लेबलावर खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी बरोबर लिहून सही-तारीख. मी एकदा पांढरी शाई लावायला निघाले तर त्यांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली. "चूक लपवली की दोन चुका होतात," ते म्हणाले. त्यांचा हिशेब नेहमी असाच असायचा, वासाचा काय नि चुकीचा काय.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी दह्याची गोष्ट सांगते, एजंटाची सांगते, लोक हसतात. दत्ताची गोष्ट मी सहसा सांगत नाही.

दत्ता लोणी काळभोरचा. घरची शेती, शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं, आणि नोकरी सोलापूर रस्त्यावरच्या एका लहान ब्रुअरीत. तिथे लग्नाकार्यात खपणारी साधी बिअर व्हायची. दत्तानं मालकांच्या मागे लागून शेडच्या कोपऱ्यात चार पिंपं ठेवायची परवानगी काढली होती. वाईनची जुनी पिंपं, नाशिककडून टेम्पोत घालून स्वतः आणलेली. त्यांत त्यानं आंबट बिअर भरली आणि वीस महिने सांभाळली. उन्हाळ्यात पिंपांवर ओली पोती घालायचा. सुट्टीच्या दिवशीही एक चक्कर मारून यायचा. बायको म्हणायची, तिकडंच राहा. हे त्यानं मला फोनवर सांगितलं, हसत हसत. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मालकांना जागा पायजे. या महिन्यात कुणी घेतली नाय तर वतून द्या म्हणत्यात. तुमी एकदा येऊन बघा. परत अशी भरायला मला कुणी देणार नाय."

त्या आठवड्यात आमच्याकडे दोन वेटर सोडून गेले होते, आणि मालकांनी मला आधीच बजावलं होतं की आंबट बिअर गिऱ्हाइकं खराब म्हणून परत पाठवतात, तेव्हा जे आणशील त्याचं उत्तर तूच द्यायचं. मी सरांना घेऊन लोणीला निघाले तेव्हाच माझ्या मनात काय होतं, हे आज मी सरळ सांगते. मला 'नाही' हवं होतं. 'हो' म्हटलं की पुढचे सहा महिने मलाच प्रत्येक टेबलाशी उभं राहून समजावत बसावं लागणार होतं. मी फार दमले होते.

शेडमध्ये दत्तानं पिंपाच्या पोटाला मारलेला लहान खिळा काढला. बारीक धार पेल्यात आली, पण नीट पडली नाही. लोंबली. पेला बाजूला घेतला तरी तेलासारखी एक तार पेल्यापासून पिंपापर्यंत लांबत गेली. शिळ्या वरणाला सुटते तशी. चारही पिंपांचं तेच. शेडचे मालक किल्ल्या हातात घेऊन मागे उभे होते.

सरांनी पेला उजेडात धरला. हुंगला. बाही हुंगली. परत हुंगला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कारखान्यातल्या त्या नळापाशी ते असेच दिसत असणार.

"तार सुटलीय," ते म्हणाले. "ही गेली."

"गेली नाय सर," दत्ता म्हणाला. "आजारी हाय. ह्या बिअरला आजारीच म्हणत्यात. मधी एकदा तार धरती, मग आतलंच दुसरं यीस्ट ती तार खाऊन टाकतं. चार-सहा म्हयनं द्या, आपोआप बरी हुती."

"आजारी माणूस बरा होतो. बॅच होत नाही. बावीस वर्षांत मी तार सुटलेली एकही टाकी बरी झालेली पाहिली नाही."

"तुमी थांबला कवा सर?" दत्ता एकदम बोलून गेला. "तुमी तर लगीच वतून द्यायचा."

सरांनी घड्याळ बघितलं, पण दहा मिनिटं लावली नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळले.

"जीभ?"

मी घोट घेतलेला होता. तोंडात बुळबुळीत लागत होतं, भेंडी कच्ची चावल्यासारखं. पण त्या बुळबुळीखाली काहीतरी होतं. पाडाची कैरी, लाकूड, आणि शेवटी अगदी हलकं, मधासारखं काही. बेल्जियमच्या त्या आठ महिन्यांत मी जिच्यासाठी पायपीट करायचे, तीच चव, पांघरूण ओढून झोपलेली. मला ती आवडली होती. स्पष्ट, शंभर टक्के आवडली होती.

"तुम्ही म्हणता तेच," मी म्हणाले.

सर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, असं मला नंतर वाटायला लागलं. त्या वेळी मी पेला खाली ठेवून पर्समध्ये रुमाल शोधत होते.

नियमाप्रमाणे सरांनी प्रत्येक पिंपाचे दोन नमुने मागितले. आठ लहान बाटल्या दत्तानं स्वतः भरल्या, स्वतः त्यांची झाकणं दाबून बसवली. आपल्याच नापास बिअरच्या. एक थेंब सांडू दिला नाही. त्या आठवड्याच्या शेवटी त्याचा मेसेज आला: 'वतली'. मी त्यावर काय उत्तर द्यायचं याचा बराच विचार केला आणि काहीच दिलं नाही.

पुढे कळलं, दत्तानं ती नोकरी सोडली. गावाजवळच्याच एका डेअरीत दह्याच्या विभागात लागला. मी मालकांना सांगितलं की लोकल मालाचा दर्जा बरोबर नाही, तज्ज्ञांचं मत घेतलं आहे. मालक खूश झाले. तज्ज्ञांचं मत हा शब्द मी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी वापरला.

तीन महिन्यांनी सरांनी नेहमीप्रमाणे नमुने काढले. एक बाटली उघडली. तार होती. लेबलावर तसं लिहिलं. मला जिन्यात भेटले तेव्हा त्याबद्दल काही बोलले नाहीत.

सहा महिने झाले तेव्हा पावसाळा सरत आला होता. सकाळी दहाला दार वाजलं. सर दारात, तोच पांढरा शर्ट, पण बाह्या दुमडलेल्या. मी त्यांना बाह्या दुमडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, वर या. जीभ घेऊन या."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन बाटल्या उघड्या होत्या. दोन का? "एक बघून विश्वास बसला नाही." त्यांनी पेला तिरपा करून दाखवला. तार नव्हती. बिअर पाण्यासारखी सुटी पडत होती, रंग जुन्या तुपाचा, आणि सगळ्या स्वयंपाकघरात पिकत आलेल्या आंब्याच्या अढीचा वास. बाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

मी घोट घेतला. चव काय होती ते मी लिहीत बसत नाही. पांघरूण निघालं होतं, एवढंच.

"बोलू नका," सर म्हणाले. "चेहऱ्यावर दिसलं."

"सर, आता हे कुणाला सांगायची काही गरज..."

"मग नमुने ठेवतात कशाला?"

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ बाहीचं टोक हातात धरून होते, हुंगत नव्हते. मग म्हणाले, "तो बरोबर बोलला. मी कधी थांबलोच नाही. कारखान्यात थांबून चालायचंच नाही, ते ठीक. पण इथे कसली घाई होती? इथे काय औषध करायचं होतं?" आणि पुन्हा, स्वतःशीच, "दहा मिनिटंसुद्धा थांबलो नाही."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांच्या दुःखाच्या आड मला अजून उभं राहता येत होतं, आणि मी तशी उभी राहिले. या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते, बाकीच्या बऱ्याच गोष्टींची सवय झाली.

उरलेल्या पाच बाटल्या सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि आम्ही लोणीला गेलो. डेअरीच्या मागच्या अंगणात दत्ता बाहेर आला, डोक्याला जाळीची टोपी, पायात पांढरे गमबूट. आम्हाला बघून त्याचा चेहरा बंद झाला. तरी म्हणाला, "या सर. चहा सांगू?"

सरांनी उत्तर न देता एक बाटली उघडून त्याच्यापुढे धरली.

दत्तानं आधी वास घेतला. मग पेला तिरपा केला, सरांनी केला होता तसाच. मग एक घोट घेतला, आणि दुधाच्या रिकाम्या क्रेटवर खाली बसला. बसूनच राहिला.

"बरी झाली," तो म्हणाला.

"झाली."

"आता हिचं काय करू मी सर?"

सर उभ्याउभ्याच म्हणाले, "काही करता येणार नाही. पिंपं होती तेव्हा करता आलं असतं. मी चुकलो. तुमची वीस महिन्यांची बिअर माझ्या तोंडून नापास झाली, आणि ती पास होती. घेण्याजोगी होती, जी किंमत तुम्ही सांगाल त्या किमतीला. हे सांगायला आलोय."

दत्ता पेला दोन्ही हातांत धरून बसला होता.

सरांनी खिशातून पेन काढलं. बाटल्या भिंतीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या. पहिलीवर वाकले, 'निकाल: नापास' यावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'पास'. सही, तारीख. मग दुसरी. मग तिसरी. पाचही झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं नाही. पेन माझ्यापुढे धरलं.

"मॅडम, नाकाचं झालं."

मला कळेना. मी पुढे होऊन लेबल वाचलं. वस्तू. तारीख. 'नाक: तार सुटलेली, आंबूस'. आणि त्याखाली 'जीभ:', पुढे काही नाही. कोरं. पाचही बाटल्यांवर कोरं. त्या दिवशी शेडमध्ये मी जे उत्तर दिलं, ते त्यांनी लिहूनच घेतलं नव्हतं. सहा महिने त्या बाटल्या माझ्या डोक्यावर, एक मजला वर, मोरीच्या कट्ट्याखाली तशाच होत्या.

"सर, मी तेव्हा म्हणाले होते की तुम्ही म्हणता..."

"ते माझं रीडिंग झालं. तुमचं राहिलंय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, दही विसरलंय सांगतानासारखा. "त्या दिवशी जीभ काय म्हणाली होती?"

दत्तानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बरीच उत्तरं होती. वेटर, मालक, दमलेपण, हिंजवडीची अठरा वर्षं. त्यातलं एकही त्या रेघेवर मावण्यासारखं नव्हतं.

"आवडली होती," मी म्हणाले. "तेव्हाच आवडली होती."

दत्ता माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं रागावून काही बोलावं असं मला फार वाटत होतं. तो उठला आणि मला लिहायला जागा व्हावी म्हणून कट्ट्यावरचा पेला उचलून बाजूला झाला.

मी पेन घेतलं. पहिल्या लेबलावर लिहिलं, सही केली, आणि तारखेशी येऊन थांबले. सरांना विचारलं, "तारीख त्या दिवशीची घालू?"

"नाही," सर म्हणाले. "आजची घाला. तुम्ही आज सांगितलंत."